खाऱ्या पाण्यातील विलगवास

दिवस मोजून वाट पाहण्याची सवय आपल्या समाजाला जुनीच आहे. सुतकाचे दहा दिवस, बाळंतिणीचा सव्वा महिना, हे काळ घराघरांतून पाळले गेले. त्यांची कारणे निरनिराळी. परंतु उंबरठ्याशी थांबावे आणि ठरलेले दिवस लोटल्यावर मगच चारचौघांत मिसळावे, हा विचार मराठी मनाला परका नाही. समुद्रातून आणलेला नवा मासा मत्स्यालयातील जुन्या माशांत सोडण्यापूर्वी काही आठवडे निराळ्या टाकीत ठेवावा, हा नियम याच कुळातला आहे. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. पण त्याच्यामागे साडेसहा शतकांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासातील एक फार वेदनामय प्रकरण मुंबई-पुण्यातच घडलेले आहे.

या इतिहासाचा आरंभ एका बंदरात होतो. एड्रियाटिक समुद्राच्या काठी राग्युसा नावाचे एक व्यापारी नगर होते. त्यालाच आज दुब्रोव्हनिक म्हणतात. युरोपात प्लेगने थैमान घातलेले. व्यापार बंद ठेवावा तर नगर उपाशी मरते, आणि बंदर मोकळे सोडावे तर नगर रोगाने मरते. या पेचातून १३७७ साली तेथील राज्यकर्त्यांनी मार्ग काढला. रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांनी नगराबाहेर ठरलेल्या जागी तीस दिवस राहावे, मग आत यावे. पुढे तिसांचे चाळीस झाले, आणि चाळीस या संख्येसाठी असलेल्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हे नाव रूढ झाले. व्हेनिसने १४२३ साली त्यासाठी एक बेटच राखून ठेवले. चाळीस हा आकडा कोणत्याही प्रयोगातून निघालेला नव्हता. धर्मग्रंथांतील चाळीस दिवसांच्या उपवासाची छाया त्यावर पडली असावी, असे अनेक इतिहासकार मानतात. मात्र आकडा श्रद्धेचा असला तरी त्यामागील निरीक्षण खरे होते. रोग दिसण्यापूर्वीही तो अंगात असतो. म्हणून जो आज निरोगी दिसतो त्याच्याविषयी आजच निर्णय देता येत नाही. काळ हाच येथे परीक्षक होय.

हे तत्त्व पुरेशा ज्ञानावाचून राबविले गेले म्हणजे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली प्लेग समिती काम करू लागली. घरोघरी सोल्जरांनी शिरून झडती घेणे, सामानसुमान जाळणे, स्त्रियांची चारचौघांत तपासणी करणे, संशयितांना ‘सेग्रिगेशन क्यांपां’त नेणे, असे प्रकार घडले. लोक रोगापेक्षा उपायालाच अधिक भ्याले. त्यांनी रोगी लपविले, रातोरात गावे सोडली. आणि जो रोग रोखावयाचा तोच चहूकडे पांगला. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. ती करतानाच रोगाची बाधा होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. रोग्याला वेगळे ठेवणे आणि त्याला टाकून देणे यांतील अंतर त्यांनी आपल्या प्राणांनी दाखवून दिले.

त्या बंदोबस्तात आणखी एक उणीव होती. माणसे अडविली जात होती, पण रोगाचा प्रवास भलत्याच वाटेने चालला होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो. १९०५ नंतरच्या वर्षांत मुंबईत परळ येथे झालेल्या संशोधनाने त्याला पुष्टी मिळाली. क्यांपाच्या दाराशी पहारा होता. पिसू त्या पहाऱ्याखालून जात होती. विलगवासाचे यश भिंतीच्या उंचीवर अवलंबून नसते, रोगाची वाट ओळखण्यावर असते, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय. माशांच्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडतो.

मासे काचेआड ठेवून लोकांना दाखविण्याची कल्पना तशी अर्वाचीन आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. तेथेच १९२४ साली नवे, मोठे मत्स्यालय झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याच्या देणगीतून त्याला हातभार लागला, आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोकणातून, घाटावरून मुंबई पाहावयास आलेल्या कुटुंबांच्या यादीत राणीच्या बागेबरोबर हे मत्स्यालय असेच असे. परंतु अशा कोणत्याही मत्स्यालयात प्रेक्षकांच्या वाटेवर न येणारी एक खोली असावी लागते. नव्याने आलेले मासे प्रथम तेथे उतरतात. बाहेरच्या दालनाचे आरोग्य या आतल्या खोलीच्या शिस्तीवर अवलंबून असते.

ही खोली का हवी, याचे उत्तर ज्यांनी दिले त्यांत लंडनच्याच मत्स्यालयातील माशांवर काम करणाऱ्या ई. एम. ब्राउन यांचे नाव महत्त्वाचे आहे. माशांच्या कल्ल्यांवर व त्वचेवर मखमलीसारखा बारीक थर आणणाऱ्या एका परोपजीवी जीवाचे वर्णन त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. समुद्री माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणाऱ्या दुसऱ्या रोगाविषयी जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली लिहिले होते. त्या रोगाच्या जीवाला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे शास्त्रीय नाव ब्राउन यांनी १९५१ साली दिले. तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते हेच वर्ष. पुढे १९६६ साली निग्रेल्ली आणि रुजिएरी यांनी न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात या जीवामुळे आलेल्या साथींची हकीकत प्रसिद्ध केली. थोर मत्स्यालयेही यातून सुटली नव्हती.

या जीवाचे आयुष्यच असे आहे की ते समजल्यावाचून विलगवासाचा अर्थ कळत नाही. तो एकपेशीय आहे, आणि त्याच्या अंगावर सूक्ष्म रोम असतात. माशाच्या त्वचेत शिरून तो तीन ते सात दिवस तेथेच पोसला जातो. पांढरा ठिपका दिसतो तो याच अवस्थेत. मग तो मासा सोडून तळाशी जातो आणि वाळूवर, खडकावर वा काचेवर स्वतःभोवती कोश करून बसतो. कोशात त्याचे विभाजन होते, आणि एका कोशातून दोनशेच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पिल्ले पाण्यात सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. सापडला, तर चक्र पुन्हा सुरू होते. मधल्या काळात माशाच्या अंगावरचे ठिपके नाहीसे झालेले असतात. मासा बरा झाला असे वाटून हौशी माणूस निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच वेळी तळाशी शेकडोंची फौज तयार होत असते.

मग समुद्रातले मासे या रोगाने संपत कसे नाहीत? कारण समुद्र अफाट आहे. कोशातून सुटलेल्या पिल्लांपैकी बहुतेकांना मासा सापडतच नाही. प्रवाळाच्या खडकावर राहणाऱ्या माशाच्या अंगावर चार-दोन परोपजीवी असले तरी त्याचे बिघडत नाही. पण तोच मासा पकडला जातो, दुसऱ्या बेटांवरच्या माशांबरोबर व्यापाऱ्याच्या टाकीत पडतो, पिशवीत कोंडला जाऊन विमानाने प्रवास करतो, आणि अखेर दोन-तीनशे लिटर पाण्यात येतो. प्रवासाच्या ताणाने त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. सुटलेल्या प्रत्येक पिल्लाला येथे हाताशीच मासा असतो. समुद्रात जो उपद्रव होता, तो टाकीत संहार होतो.

म्हणून नवा मासा प्रथम वेगळ्या टाकीत ठेवावयाचा. ही टाकी साधी असावी: तळाशी वाळू नको, खडक नको, लपावयास नळीचा एखादा तुकडा, हवा खेळती ठेवणारा पंप आणि आधीपासून मुरविलेला स्पंजाचा फिल्टर एवढे पुरे. चार ते सहा आठवडे मासा तेथे राहतो. तो खातो कसा, श्वास किती वेगाने घेतो, अंग कशाला घासतो का, हे रोज पाहिले जाते. गरज पडल्यास औषध द्यावयाचे तेही येथेच. या रोगावरचे जुने औषध म्हणजे तांबे. सुपारीच्या बागेत फवारावयाच्या मिश्रणात कोकणी बागाइतदार जे मोरचूद घालतो, त्यातील गुण हाच. पण माशांसाठी त्याचे प्रमाण अत्यंत जपून राखावे लागते. लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मुक्त तांबे, याहून कमी पडले तर परोपजीवी जगतो, आणि फार वाढले तर मासा मरतो. शिवाय प्रवाळ, कोळंबी, शंखशिंपले यांना तांबे मुळीच सोसत नाही, आणि चुनखडी खडक ते शोषून घेतो. शोभेच्या मुख्य टाकीत ते घालता येत नाही, आणि म्हणूनच दुसरी टाकी अटळ ठरते.

या जीवाचे कालमान कळल्यावर औषधावाचूनही एक युक्ती सुचली. इस्रायलमधील एलात येथे आंजेलो कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात ती मांडली. मासा दर तिसऱ्या दिवशी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवावयाचा, असे लागोपाठ चार वेळा करावयाचे. मासा सोडून तळाशी बसलेले कोश मागे राहतात, आणि ते फुटण्यापूर्वी मासा पुढे गेलेला असतो. येथे रोगाशी झुंज नाही. त्याच्या घड्याळाच्या एक पाऊल पुढे राहणे आहे. मुख्य टाकीत एकदा रोग शिरलाच, तर मात्र सर्व मासे बाहेर काढून ती रिकामी ठेवावी लागते. कारण काही कोश ७२ दिवसांपर्यंत सुप्त राहिल्याची नोंद आहे. राग्युसाचा आकडा परंपरेने दिला होता, हा आकडा सूक्ष्मदर्शकाने दिला. आणि परळच्या पिसवेची आठवण येथेही ठेवावी लागते. एका टाकीतले ओले जाळे दुसऱ्या टाकीत बुडविले, ओला हात तसाच घातला, किंवा दुकानातील पाणी माशाबरोबर ओतले, तर भिंती कितीही वेगळ्या असोत, रोगाला वाट मिळालीच.

मुंबईच्या मत्स्यालयाला समुद्र दाराशी होता. दिल्लीची गोष्ट निराळी. तेथील सरोजिनी नगर, म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांच्या वस्तीचे पूर्वीचे विनयनगर, रेल्वेने मुंबईपासून सुमारे १४०० किलोमीटर दूर. अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवावयाची तर लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम याप्रमाणे खास मीठ विरघळवून समुद्रच घरी करावा लागतो. त्या टाकीतला प्रत्येक मासा परप्रांतीय असतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या रोगाखेरीज दुसरा सागरी रोग तेथे येण्यास वाट नाही. त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या घराला विलगवासाचा नियम अधिकच कसोशीने पाळता येतो, आणि पाळावाही लागतो. त्याच दिल्लीत कापसहेडा येथे केंद्र शासनाचे पशु-क्वारंटाइन केंद्र आहे. परदेशातून येणारे पशुधन रोखून तपासण्याचा भारतातील मूळ कायदा १८९८ सालचा, म्हणजे प्लेगच्या कायद्यानंतर एकाच वर्षाने झालेला.

हा प्रश्न केवळ हौसेचाही नाही. १९८८ साली गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर व्रण पाडणारा एक रोग ईशान्येकडून भारतात शिरला आणि तळ्यातळ्यांतून पसरत गेला. १९९४-९५ मध्ये कोळंबीच्या शेतीवर पांढऱ्या ठिपक्यांच्याच नावाचा, पण विषाणूमुळे होणारा निराळा रोग आला, आणि किनाऱ्यावरच्या अनेक शेतकऱ्यांची गुंतवणूक बुडाली. या धड्यानंतर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील कोळंबी २००९ साली भारतात आणण्याची परवानगी मिळाली, ती मातृकोळंबीने प्रथम चेन्नईजवळील नीलांकरै येथील जलचर क्वारंटाइन केंद्रात मुक्काम करावा, या अटीवर. घरातल्या लहान टाकीचा नियम देशाच्या वेशीवर लागू झाला.

या सर्व हकीकतीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. विलगवास ही शिक्षा नव्हे आणि नुसती भीतीही नव्हे. ज्याला थांबविले आहे त्याला हवा, अन्न, आडोसा व निगराणी मिळाली, आणि थांबण्याचे दिवस रोगाच्या खऱ्या आयुष्यावरून ठरले, तर विलगवास दोघांचेही रक्षण करतो, आत असलेल्यांचे आणि येणाऱ्याचेही. यांतले काहीच नसेल, तर १८९७ च्या क्यांपाप्रमाणे लोक त्यापासून पळतात आणि रोग त्यांच्याबरोबर पळतो. समुद्रातून काढून आणलेल्या त्या मुक्या जीवाला पळून जाता येत नाही. त्याची सारी भिस्त त्याला आणणाऱ्याच्या सबुरीवर असते, आणि ती सबुरी आठवड्यांत मोजावी लागते.