माथेरान

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील (ता. कर्जत) थंड हवेचे ठिकाण. लोकसंख्या ५,१३९ (२००१), ४,३९३ (२०११). समुद्रसपाटीपासून उंची सु. ८०० मी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या डोंगराच्या सपाट माथ्यावर हे गाव वसले आहे. माथा जांभ्या दगडाचा, म्हणून वाटा तांबड्या मातीच्या. चहूबाजूंनी कडे तुटलेले असल्यामुळे पावसाळ्यात खाली ढग साचले की डोंगर बेटासारखा एकटा उरतो. येथे मोटारींना बंदी आहे.

इतिहास : मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू पॉइंट्झ मॅलेट या माथ्यावर आले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात वसाहतीस आकार आला. मुंबईचे इंग्रज अधिकारी व पारशी, बोहरी धनिक यांनी बंगले बांधले. लुइझा, पॅनोरमा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन ही पॉइंटांची नावे त्या काळाची खूण आहेत. नगरपालिका १९०५ पासून. हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचे हे जन्मगाव (१९१२). स्वातंत्र्यासाठीच्या भूमिगत लढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे त्यांना व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. माथेरानच्या इतिहासात बंगल्यांच्या मालकांआधी कोतवालांचे नाव घेतले पाहिजे.

रेल्वे : नेरळ–माथेरान हा सु. २१ किमी. लांबीचा, दोन फूट रुंदीचा मार्ग सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. खर्च सु. १६ लक्ष रु. वाहतूक मार्च १९०७ मध्ये सुरू झाली. नेरळनंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज व माथेरान ही स्थानके लागतात. चढ काही ठिकाणी २० फुटांस १ फूट आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला व २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसानंतर बंद पडलेली नेरळ–अमन लॉज वाहतूक २०२२ मध्ये पूर्ववत झाली. पावसाळ्यात नेरळहून गाडी नसते. अमन लॉज–माथेरान फेऱ्या मात्र चालू असतात.

निवास : रग्बी हॉटेल (१८७६), लॉर्ड्स सेंट्रल आणि कॅप्टन बार यांच्या बंगल्यातील हॉटेल ही जुनी निवासस्थाने होत. माथेरानप्रमाणेच अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी असून तेथील सरोवरकाठचे ग्रँड हॉटेल (१८८७) प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात तशा मुक्कामाच्या सर्वांत जवळ जाणारे ठिकाण माथेरानच. तेथील सरोवराची जागा येथे शार्लोट तलावाने भरून काढली आहे. तलाव पिण्याच्या पाण्याचा असून काठावर पिसारनाथाचे मंदिर आहे. जुन्या हॉटेलांची खरी मिजास व्हरांड्यात आहे : वर कौलारू छप्पर, पुढे माकडांसाठी लावलेली जाळी, वेताची खुर्ची आणि समोर जांभळीची दाट सावली. सकाळी पहिला आवाज घोड्याच्या टापांचा येतो, हॉर्नचा नव्हे. जेवण बहुधा भाड्यातच धरलेले असते.

अर्थव्यवस्था : पर्यटन. बाजारात चपला, चिक्की व मध विकले जातात.

वाहनबंदी व पर्यावरण : फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केला. रानात शेकरू आढळते. रुग्णवाहिकेसारख्या तातडीच्या सेवा वगळता वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढील सु. ३ किमी. पायी, घोड्यावरून किंवा छोट्या रेल्वेगाडीने जावे लागते. माणसाने ओढायच्या हातरिक्षा येथे दीर्घकाळ चालल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. मोटार नसण्याचे सुख दुसऱ्याच्या छातीवर भार टाकून घ्यायचे नसते, म्हणून हा निर्णय १८५० नंतरच्या माथेरानातील सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक होय.

दळणवळण : मुंबई–कर्जत लोकल मार्गावरील नेरळ हे पायथ्याचे स्थानक. नेरळहून दस्तुरीपर्यंत घाटरस्त्याने टॅक्सी मिळतात. दस्तुरीपासून पुढे बाजारातील भाजी, सिलिंडर, बांधकामाची वीट हे बहुतेक कुणाच्या तरी डोक्यावरून नाहीतर घोड्याच्या पाठीवरून वर येते. येणाऱ्याने स्वतःला उचलवेल एवढेच सामान आणावे.