मसुरीचं सॅव्हॉय : भुताची खोली आणि १९२०चा उन्हाळा

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की चहा, भजी नि मिसळ. मुक्काम करायचा तो लॉजवर. म्हणून आज ज्या हॉटेलबद्दल बोलायचं आहे, ते आधी डोळ्यांसमोर आणू या. मसुरीच्या माल रोडच्या पश्चिम टोकाला, लायब्ररी बाजाराच्या वरच्या अंगाला, टेकाडावर सॅव्हॉय पसरलेलं आहे. पसरलेलं म्हणतो, कारण इमारतीचा डौल उंचीत नाही, लांबीत आहे. खोल्यांच्या लांबच लांब ओळी, त्यांच्यापुढे लाकडी खांबांचे व्हरांडे, टोकदार कमानींच्या अरुंद खिडक्या, उतरती पत्र्याची छपरं आणि मधूनच वर आलेले मनोरे. शैली इंग्रजी गॉथिक. म्हणजे चर्चची शैली, पण बरीचशी लाकडात उतरवलेली आणि नाचगाण्यासाठी वापरलेली!

या जागेवर पूर्वी शाळा होती. ती घेऊन लखनौचे बॅरिस्टर सेसिल लिंकन यांनी हॉटेल उभारलं आणि १९०२मध्ये ते सुरू झालं. काळ बघा. त्याआधी दोनच वर्षं, १९००मध्ये, रेल्वे देहरादूनला पोचली होती. पाहुणे मिळायची खात्री त्या रेल्वेमुळे झाली असणार. पण देहरादून सुमारे सव्वादोन हजार फुटांवर आणि मसुरी साडेसहा हजारांवर. मधली चढण बैलगाड्यांची. पियानो, बिलियर्डची टेबलं, जड फर्निचर, शॅम्पेनच्या पेट्या, सगळं त्या गाड्यांतून वर गेलं. लिंकनसाहेबांचं नाव सगळे घेतात. गाडीवानांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

अशा इमारतींना गोष्टी फार लवकर चिकटतात. एक गोष्ट अशी, की वेल्सची राजकन्या, म्हणजे पुढची राणी मेरी, इथे मेजवानीला आली, ती परतली आणि लगेच मोठा भूकंप झाला. ऐकायला छान आहे. पण कांगड्याचा भूकंप ४ एप्रिल १९०५चा. राजपुत्र आणि राजकन्या मुंबईत उतरले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. आपल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला त्याच दौऱ्यातली. म्हणजे आधी भूकंप, मग राजकन्या. डागडुजी चालू असलेल्या इमारतीत राजकन्येची सरबराई, ही खरं तर जास्त मजेदार गोष्ट झाली असती.

दुसरी गोष्ट भुताची. १९११मध्ये फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाच्या बाई इथे विषप्रयोगाने मेल्या. संशय त्यांच्या सोबतिणीवर आला, खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी यावरूनच सुचली, असं हौसेने सांगितलं जातं. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या. विषं शिकायला त्यांना मसुरीची गरज नव्हती. असो. ती कादंबरी प्रसिद्ध झाली १९२०मध्ये, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सॅव्हॉयमध्ये जे घडलं ते माझ्या मते या वास्तूतलं सर्वांत महत्त्वाचं.

१९१९च्या अफगाण युद्धानंतर ब्रिटिशांशी बोलणी करायला महमूद तर्झी यांचं शिष्टमंडळ मसुरीत आलं होतं. मुक्काम सॅव्हॉयमध्ये. त्याच हॉटेलात जवाहरलाल नेहरू आई, पत्नी आणि बहिणींना घेऊन उतरले होते. आई आणि कमला दोघींची प्रकृती बरी नव्हती. अफगाण पाहुण्यांचं जेवणखाण वेगळं, सार्वजनिक दालनांत ते फिरकत नसत. महिनाभरात नेहरूंची त्यांच्याशी गाठही पडली नव्हती. तरी एके दिवशी पोलीस अधिकारी सरकारचं पत्र घेऊन आला : शिष्टमंडळाशी संबंध ठेवणार नाही, असं लिहून द्या. संबंध ठेवायचा नेहरूंचा विचारही नव्हता. पण लिहून द्यायचं? त्यांनी नकार दिला. मग चोवीस तासांत जिल्हा सोडायचा हुकूम निघाला. आजारी बायकांना तिथेच ठेवून ते अलाहाबादला परतले.

आता पुढचं ऐका. ते घरी बसलेले असताना, जूनच्या सुरुवातीला, प्रतापगडचे दोनेकशे शेतकरी सुमारे पन्नास मैल चालत अलाहाबादला आले. बाबा रामचंद्र त्यांचे पुढारी. तालुकदारांच्या बेदखलीने आणि बेकायदा वसुलीने ही माणसं गांजली होती. नेहरू त्यांना भेटायला यमुनाकाठी गेले, मग त्यांच्या आग्रहाने त्यांच्या गावांतही गेले. तोवर हा बॅरिस्टर खेड्यातलं दारिद्र्य जवळजवळ ओळखतच नव्हता. हद्दपारीमुळे आपण तिथे सापडलो, हे आत्मचरित्रात त्यांनीच नोंदवलं आहे. ते मसुरीच्या थंड हवेतच राहिले असते तर? इतिहासात असल्या प्रश्नाला उत्तर नसतं, पण प्रश्न सुटत नाही खरा.

मोतीलालजींनी लेफ्टनंट गव्हर्नर हारकोर्ट बटलर यांना लिहिलं आणि दोनेक आठवड्यांत हुकूम मागे घेतला गेला. जवाहरलाल सॅव्हॉयला परतले तेव्हा हॉटेलच्या अंगणात एक अफगाण मंत्री उभा होता. त्याच्या कडेवर नेहरूंची अडीच वर्षांची मुलगी, इंदिरा. अफगाणांनी हद्दपारीची बातमी वर्तमानपत्रात वाचली होती, आणि तेव्हापासून त्यांचे प्रमुख नेहरूंच्या आईला रोज फळाफुलांची टोपली पाठवत होते.