टोनी ओ'रायली : मैदान आणि बाजारपेठ

डब्लिनमधील बेल्व्हेडिअर कॉलेज ही येशूसंघीयांची नामांकित शाळा. टोनी ओ'रायली (जन्म १९३६) तेथेच शिकले. ते १५ वर्षांचे असताना शाळेच्या एका धर्मगुरूंनी त्यांना सांगितले, की त्यांच्या आईवडिलांचा विवाह झालेला नाही. वडिलांची पत्नी व चार मुले हयात आहेत. त्या काळी आयर्लंडच्या राज्यघटनेनेच घटस्फोटास बंदी केली होती. मुलाने ते दुःख मनातच ठेवले. १९९४ साली चरित्रग्रंथातून ते जगापुढे आले. धर्मगुरूंनी त्या कोवळ्या वयात हे सांगावयास हवे होते काय? आम्हांस तरी उत्तर सापडलेले नाही.

अंडाकृती चेंडूच्या रग्बी खेळात हा मुलगा १९५५ साली, वयाच्या अवघ्या १८व्या वर्षी, आयर्लंडच्या संघात आला. त्याच वर्षी ब्रिटिश लायन्स संघातून तो दक्षिण आफ्रिकेस गेला व १९५९ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकविणे म्हणजे 'ट्राय'. ह्या दोन दौऱ्यांत मिळून त्यांनी ३८ ट्राय केले. तो विक्रम त्यांच्या हयातीत कोणी मोडला नाही.

पुढे त्यांनी व्यापारात पाऊल टाकले. आयरिश शेतकऱ्यांच्या लोण्याला स्वतःचे नाव नव्हते. १९६२ साली दुग्धमंडळाचे प्रमुख असताना त्यांनी ते 'केरीगोल्ड' ह्या नावाने ब्रिटनच्या बाजारात आणले. १९६९ साली ते हाइन्झ कंपनीत गेले. १९७० साली, सात वर्षांच्या खंडानंतर, आयर्लंडने त्यांना अचानक इंग्लंडविरुद्ध खेळावयास बोलाविले. सरावाला ते चालकाने हाकलेल्या आलिशान मोटारीतून आले, ही गोष्ट आयर्लंडमध्ये अजून चवीने सांगतात! सामना मात्र आयर्लंड हरले. १९८७ साली ते हाइन्झ घराण्याबाहेरचे पहिले अध्यक्ष झाले. वृत्तपत्रे घेतली, आयर्लंडमधील शांतता व सेवाकार्यासाठी निधी उभारला.

मग वॉटरफर्डचा काचकारखाना आला. वॉटरफर्ड वेजवुड कंपनीत त्यांनी अपार पैसा ओतला. जानेवारी २००९मध्ये ती कोसळली. मालक बुडाला ह्याची बातमी झाली. परंतु आयुष्यभर काच घडविणाऱ्या कारागिरांचे निवृत्तिवेतनही त्या पडझडीत सापडले होते. ते न्यायालयात गेले. २०१३ साली युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

ओ'रायली २०१५ साली बहामात दिवाळखोर ठरले. मे २०२४मध्ये, ८८व्या वर्षी, डब्लिनमध्येच त्यांचे निधन झाले.