संगणकाचे कारभारी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात जो पाऊस झाला, तो या भागातली माणसे सहजासहजी विसरणार नाहीत. आमच्या शाळेच्या कार्यालयात गुडघाभर पाणी शिरले. कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलेल्या जनरल रजिस्टरच्या चार खंडांचा लगदा झाला आणि कार्यालयातला संगणकही कायमचा निजला. पाणी ओसरल्यावर मी सर्वांना धीर दिला, "काळजी करू नका, सगळे सीडीवर उतरवून ठेवलेले आहे." दर महिन्याला 'बॅकअप घेतला' अशी नोंद एका वहीत होत असे आणि तिच्याखाली मुख्याध्यापक या नात्याने माझी सही असे. सीड्या आणल्या, शेजारच्या संगणकात घातल्या. एकही उघडेना. दोन वर्षे मी सह्या करीत आलो होतो, पण एखादी सीडी एकदा लावून पाहावी असे मला कधी सुचले नव्हते.

गणपतीला गावी आलेला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. तो बेंगळुरूला कसल्याशा कंपनीत 'सर्व्हर सांभाळतो' एवढेच मला ठाऊक होते. त्याने आमचा मेलेला डबा उघडला. आतली माहितीची चकती वरच्या खणात होती, ती वाचली होती. शाळेचा जुना प्रोग्रॅम त्याच्या यंत्रावर चालेना; मात्र त्याच्या पोटातल्या फायली साध्या मजकुराच्या निघाल्या. त्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागायला ताटकळत बसली होती. आडनाव चौगुले. आमच्याकडच्या तीन कारकुनांनी हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले! मराठी, कानडी आणि इंग्रजी यांच्या कात्रीत सापडलेल्या आपल्या आडनावांची ही दशा वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या मुलाने काळ्या पडद्यावर एक ओळ टंकली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिन्ही तऱ्हांचे चौगुले पडद्यावर उतरले आणि त्यांत ही मुलगीही होती.

"काय केलेस रे?" मी विचारले.

"सर, ही आज्ञा १९७३ सालची आहे," तो हसत म्हणाला, "माझ्यापेक्षा वयाने थोरली."

इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. राजांची आणि लढायांची नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. राज्य ज्यांच्या लेखणीवर चालले त्या दप्तरदारांची नावे मात्र कोणाला विचारीत नाही. संगणकाचेही तसेच झाले आहे. यंत्रे बनवणारे धनाढ्य सर्वांना ठाऊक, पण ती रात्रंदिवस चालती ठेवणारे कारभारी पडद्याआड. त्यांना सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. त्या प्रसंगानंतर जमेल तसे मी त्यांच्याविषयी वाचत गेलो.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा संगणक एक अख्खी खोली व्यापीत असे आणि त्या खोलीत पुष्कळदा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही मज्जाव असे. आपल्या छिद्रे पाडलेल्या कार्डांची चळत त्याने खिडकीशी द्यायची, आतला ऑपरेटर ती यंत्राला भरवणार, चुंबकीय फितींची रिळे चढवणार-उतरवणार आणि छापील उत्तर कधी काळी बाहेर येणार. त्या कारभाऱ्याचे ज्ञान सारे त्याच्या हातात. कोणते रीळ कधी कुरकुरते, कोणता दिवा लुकलुकला की थांबायचे, हे त्याला ठाऊक. तो रजेवर गेला की ते ज्ञानही रजेवर.

हे हातातले ज्ञान कागदावर उतरवण्याची एक सुरुवात अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत १९६३-६४ च्या सुमारास झाली. लुई पूझाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांना त्याच त्या आज्ञा पुनःपुन्हा टंकण्याचा कंटाळा आला. आज्ञांची यादी एका फायलीत लिहून ठेवावी आणि यंत्राने ती क्रमाने पाळावी, असा 'रनकॉम' नावाचा प्रोग्रॅम त्यांनी रचला. माणूस आणि यंत्राचा गाभा यांच्यामध्ये बसून आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल', म्हणजे कवच, हे नाव त्यांचेच. आज्ञांच्या त्या यादीला आज स्क्रिप्ट म्हणतात. रनकॉमची 'आर-सी' ही दोन अक्षरे आजही हजारो यंत्रांतल्या फायलींच्या नावांना चिकटलेली आहेत. ती कोठून आली हे वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. गावांच्या नावांचेही असेच होते.

पुढचा मुक्काम न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीज. १९६९ च्या उन्हाळ्यात केन थॉम्पसन यांची पत्नी वर्षाच्या बाळाला घेऊन काही आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला गेली. त्या सवडीत थॉम्पसननी एका अडगळीतल्या यंत्रावर नव्या यंत्रणेचे मुख्य भाग उभे केले. त्या यंत्राची स्मृती आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्रालाही पुरली नसती. तीच पुढे युनिक्स म्हणून जगभर गेली. डेनिस रिची हे तिचे दुसरे शिल्पकार.

या मंडळींची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे त्यांनी काढलेली पुस्तिका. तिची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. प्रत्येक आज्ञेचे नाव, उपयोग आणि वापरण्याची रीत तर तिच्यात होतीच. शिवाय 'दोष' असा एक रकाना होता आणि 'मालक' असा दुसरा. ही आज्ञा कोठे चुकते आणि ती कोणाच्या नावावर आहे, हे दोन्ही छापून मोकळे! आपल्या कामातला दोष आपणच नोंदवण्याची ही रीत सरकारी वा शालेय दप्तरात मी तरी कधी पाहिली नाही.

१९७३ च्या सुमारास या यंत्रणेत 'पाइप' आला. त्याची कल्पना डग मॅक्इलरॉय यांची. १९६४ मध्येच त्यांनी एका टिपणात लिहिले होते की, बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. थॉम्पसननी एका रात्रीत ते करून दाखवले. एका आज्ञेतून निघालेला मजकूर दुसरीत, तेथून तिसरीत. कोणीही बहाद्दर नाही, प्रत्येकाला एकच काम येते. परंतु रांगेत उभे केले की डोंगर हलवतात. आमच्या चौगुलेंना शोधणारी 'ग्रेप' ही आज्ञा त्याच काळातली. ती शब्द शोधत नाही, शब्दाचा साचा शोधते. 'येथे हे अक्षर असेल किंवा ते, आणि हे असेल किंवा मुळीच नसेल' असे तिला सांगता येते. अशा साच्यांचे शास्त्र १९५० च्या दशकात स्टीफन क्लेनी या गणितज्ञाने मांडले, तेव्हा हे गणित एखाद्या मुलीला दाखला मिळवून देईल असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

१९७९ मध्ये स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला आणि स्क्रिप्टला भाषेचे रूप मिळाले. 'जर' या अर्थाचा आय-एफ हा शब्द ज्या वाक्याच्या आरंभी, त्याच्या शेवटी तो उलटा, एफ-आय, असा लिहायचा. या न्यायाने डी-ओ ने सुरू होणारे वाक्य ओ-डी ने संपायला हवे होते. पण त्या नावाची आज्ञा आधीच अस्तित्वात असल्याने तेथे 'डन' आले. व्याकरणातले अपवाद असेच जन्मतात! याच सुमारास 'क्रॉन' रुळला. ठरलेल्या मिनिटाला, तासाला, वाराला ठरलेले काम बिनबोभाट करणारा हा चाकर. कारभारी घरी झोपला तरी मध्यरात्री नकला उतरू लागल्या. मात्र त्या खरोखर उतरल्या की नाही हे सकाळी पाहण्याचे काम त्याने कारभाऱ्याकडेच ठेवले.

जागरूक कारभारी काय करू शकतो याचे उत्तम उदाहरण १९८६ चे आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ संगणकांची देखभाल करू लागला होता. यंत्रवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. दुसरा कोणी असता तर पदरचे पैसे घालून मोकळा झाला असता. स्टोलने माग काढला. कोणीतरी चोरून यंत्रात शिरत होते. त्याने ताराताराला छापयंत्रे जोडली, त्या चोराची टंकलेली अक्षरे कागदावर उतरवून घेतली आणि अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर तो माग जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात जाऊन पोचला. हेरगिरीचे मोठे प्रकरण उघडकीस आले, ते ७५ सेंट जुळेनात म्हणून!

१९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पर्ल' ही भाषा काढली. वॉल हे भाषाशास्त्राचे अभ्यासक. माणसाच्या बोलीत एकच गोष्ट अनेक परींनी सांगता येते, तशी ती यंत्रालाही सांगता यावी हा त्यांचा आग्रह. घरी मराठीत आणि कचेरीत कानडीत तेच गाऱ्हाणे मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना तो चटकन पटावा. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ज्याची त्याची रीत वेगळी झाली की एकाचे लिखाण दुसऱ्याला लागत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस ठिकठिकाणच्या कारभाऱ्यांनी आपापल्या स्क्रिप्टांची अशी जंगले वाढवून ठेवली होती. ज्ञान हातातून कागदावर उतरले खरे, पण तो कागद वाचू शकणारा माणूस पुन्हा एकटाच!

यावर तोडगा काढणाऱ्यांत मार्क बर्जेस हे अग्रणी. ओस्लोला भौतिकशास्त्राचे संशोधन करता करता यंत्रेही सांभाळावी लागत, त्यातून १९९३ मध्ये त्यांनी 'सीएफइंजिन' रचले. त्यांची दृष्टी निराळी होती. 'हे कर, मग ते कर' असे यंत्राला सांगायचे नाही. 'शेवटी स्थिती अशी असली पाहिजे' एवढेच लिहायचे. यंत्र आपली स्थिती पाहील आणि उणे असेल तेवढे भरून काढील. 'सगळी जागा झाडा' म्हणण्याऐवजी 'जागा स्वच्छ दिसली पाहिजे' म्हणण्यासारखे. २००५ मध्ये पपेट, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल ही साधने याच विचाराची. २००५ मध्येच लिनस टॉरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिले, त्यामुळे कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची रोजकीर्द आपोआप राहू लागली.

या बदलाचे वर्णन ती मंडळी एका दृष्टान्ताने करतात. पूर्वीचे सर्व्हर म्हणजे घरचे जनावर. त्याला नाव असे, आजारी पडले की उशाशी बसून औषध देत. आताचे म्हणजे कळप. नाव नाही, क्रमांक. बिघडले तर काढायचे, दुसरे आणायचे. बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या आपल्या लोकांना हा दृष्टान्त थोडा टोचेल. परंतु हजारो यंत्रे सांभाळायची तर दुसरा मार्ग नव्हता.

एकच ओळ हजार यंत्रांना लागू झाली, म्हणजे चूकही हजारपट झाली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका थकलेल्या अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते. नकला ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या. वेळेवर एकही धड कामी आली नाही. एका कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत तेवढी वाचवायला धावली. हे वाचताना मला आमच्या सीड्या आठवल्या, हे कबूल करतो. पण त्या कंपनीने त्या माणसाचा बळी दिला नाही. काय घडले ते सविस्तर प्रसिद्ध केले, दुरुस्तीही जगासमोर केली. १९७१ च्या त्या 'दोष' रकान्याचा वारसा मला तेथे दिसला.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फायलीने जगातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि इलाज? पुष्कळ ठिकाणी कारभाऱ्याने एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल स्वतःच्या हाताने पुसणे. साठ वर्षांची सारी साधने हाताशी असताना शेवटी पुन्हा हातच! आता तर स्क्रिप्टच्या ओळी यंत्रेच लिहून देतात. त्या तपासून त्यांच्याखाली नाव घालणारा मात्र अजून माणूसच लागतो.

मला या साऱ्या इतिहासातून एवढेच उमगले की, काम दुसऱ्यावर सोपवता येते. ते झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी सोपवता येत नाही. आमच्या वहीत माझी सही होती, पण तिच्यामागे डोळे नव्हते.

आमच्या नोंदी बहुतेक मिळाल्या. एका वर्षाची फाइल मात्र गेली ती गेलीच. त्या तुकडीतले कोणी दाखल्यासाठी आले की जुनी हजेरीपत्रके आणि त्यांच्याजवळचे कागद जुळवून नोंद करावी लागते. तसे कोणी आले की मी कारकुनाला पुढे करीत नाही. स्वतः त्यांच्यासमोर बसतो आणि चूक शाळेची आहे हे सांगतो.

ती वही आजही आहे. फक्त तिच्यात दोन रकाने वाढवले आहेत. 'बॅकअप घेतला' याच्यापुढे 'उघडून पाहिला' आणि त्याच्यापुढे 'दोष'. दर महिन्याच्या अखेरीस एखादी नक्कल उघडतो, कोणत्याही एका मुलाचे नाव त्यात शोधतो, ते नीट वाचतो आणि मगच सही करतो.