प्रक्षेपांचा शोध : क्विक हीलच्या इतिहासाविषयी

संगणक-सुरक्षेच्या व्यवसायाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी का वाचावा, हा प्रश्न रास्त आहे. मराठवाड्यातून या प्रश्नाकडे पाहिले तर तो तितकासा परका वाटत नाही. नांदेड जिल्ह्यातील माहूरशी ज्यांचे जुने नाते आहे त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जतन केले. पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके बंद राहिले, आणि वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडल्यावर प्राचीन मराठी गद्याचे आपले चित्रच पालटले. तिकडे पैठणला एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीतील अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. संहितेत परक्या हाताने घुसवलेला मजकूर ओळखणे, तो दूर करणे आणि तो कोणाचा असावा याचा तर्क करणे ही पाठचिकित्सेची कामे. पुण्यातील एका कंपनीची वाढ नेमकी याच क्रमाने झाली, असे मला वाटते.

कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, पुण्यात वाढलेले. दहावीनंतर त्यांनी औपचारिक शिक्षण सोडले आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात महिना चारशे रुपयांवर नोकरी धरली. १९९०च्या दशकाच्या आरंभी सुमारे पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत बिघाड यंत्राचा नसून विषाणूचा असल्याचे वारंवार आढळू लागले. धाकटे बंधू संजय तेव्हा मॉडर्न महाविद्यालयात शिकत होते. विषाणू काढून टाकणारी छोटी साधने त्यांनी लिहिली, आणि १९९४-९५च्या सुमारास त्यांतून ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने नोंदलेली कंपनी २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली. २०१० मध्ये सिक्वोया कॅपिटलने तीत सुमारे ६० कोटी रुपये गुंतवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे ४५१ कोटींच्या विक्रीसह तिचे समभाग बाजारात आले. ही यशोगाथा अनेकदा सांगून झाली आहे आणि ती बहुधा ‘दहावी पास मुलगा’ या एकाच अलंकारावर उभी असते. तो अलंकार खरा असला तरी त्याने मूळ प्रश्न झाकला जातो : हा मुलगा नेमके काय विकत होता?

आरंभी तो शुद्धी विकत होता. त्या काळचा विषाणू फ्लॉपीच्या आरंभभागात स्वतःच्या ओळी घुसवी आणि यंत्र त्या मूळ संहितेचाच भाग समजून वाची. म्हणजे हा अक्षरशः प्रक्षेप. १९८६ मधल्या ‘ब्रेन’ या विषाणूत तर लाहोरच्या दोन भावांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता. कर्त्याने उघड सही केलेला असा प्रक्षेप विरळाच. (एका दुकानातले दोन भाऊ विषाणू लिहितात, दुसऱ्या दुकानातले दोन भाऊ तो पुसतात, इतिहासाला अशा जोड्यांची हौस असते.) प्रत्येक विषाणूची ओळखखूण शोधायची, ती यादीत घालायची आणि ही यादी ग्राहकाकडे सतत पोचवीत राहायची, असे या धंद्याचे स्वरूप होते. मोठ्या परदेशी कंपन्यांपुढे क्विक हील टिकली ती गावोगावच्या संगणक-दुकानदारांच्या बळावर. नांदेड-लातूरसारख्या शहरांत संगणक दुरुस्त करणारा माणूसच तिचा विक्रेता झाला. मालकाला आपलाच पूर्वेतिहास त्याच्यात दिसत असणार.

पुढचे वळण या विस्तारातच दडलेले होते. लक्षावधी यंत्रांवर बसलेले हे साधन नुसते पुसत नाही. काय पुसले, कोठे आणि केव्हा, हेही ते कळवू शकते. ग्राहकाचे यंत्र अशा रीतीने बातमीदार बनते. ‘बातमी’ हा शब्द मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात आजच्या वर्तमानपत्री अर्थाने येत नाही. शत्रूच्या हालचालींची कळलेली खबर हा तेथे त्याचा मुख्य अर्थ. इंग्रजीत ज्याला ‘थ्रेट इंटेलिजन्स’ म्हणतात त्याला हा जुना शब्द चपखल बसतो, पण आपण तो विसरलो. धंद्याची परिभाषाही याच सुमारास बदलली. लागण, लस, विलगीकरण ही वैद्यकाची रूपके मागे पडली. मोहीम, लक्ष्य, शत्रुगट ही युद्धाची रूपके पुढे आली.

सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीच्या सिक्राइट या शाखेने भारतीय संरक्षण दलांवर रोखलेल्या एका हेरगिरी-मोहिमेचा अहवाल प्रसिद्ध केला आणि तिला ‘साइडकॉपी’ असे नाव दिले. हा गट ‘साइडविंडर’ या दुसऱ्या गटाच्या पद्धतीची हुबेहूब नक्कल करीत होता. वाचणाऱ्याने कर्ता भलताच ठरवावा यासाठी शैलीचे अनुकरण. आता प्रश्न मजकूर पुसण्याचा उरला नाही, तो कोणी लिहिला याचा झाला. कर्तृत्वनिश्चितीतले सारे धोके येथेही आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. पुढे फेब्रुवारी २०२१ अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीने भारतीय वीजयंत्रणेतील चिनी शिरकावाविषयी अहवाल दिला. मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे तिने त्यातच नमूद केले होते. तरीही राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. अहवालातील ‘असावे’ हे क्रियापद वाटेत ‘आहे’ होते, हे पाठचिकित्सकाला नवे नाही.

याहून अवघड प्रश्न बातमी कोणापर्यंत पोचते हा आहे. १० ऑगस्ट २०१८ रोजी एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की बनावट कार्डांनी जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढले जाण्याचा संभव आहे. दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर तसाच हल्ला झाला. १३ तारखेच्या दुसऱ्या घावासह ९४ कोटींहून अधिक रुपये गेले आणि २८ देशांतील यंत्रांतून रोकड काढली गेली. बँक १९०६ सालची, आणि विषाणू-शोधाचा देशातला एक जुना कारखाना तिच्याच शहरात!

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सुरक्षा-चौकट लागू केली. बँकेचा डिजिटल व्यवहार जितका खोल, तितकी तिची जबाबदारी अधिक; सतत पाळत ठेवणाऱ्या केंद्राची अपेक्षा सर्वांत वरच्या स्तराकडून. रचना व्यवहार्य आहे, कारण लहान बँकेला असे केंद्र परवडत नाही. पण चोराला बँकेचा स्तर पाहावा लागत नाही. वर्षभरानंतर, जानेवारी २०२१ मध्ये, नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे चौदा कोटींहून अधिक रुपये, दुसऱ्या एका मोठ्या बँकेत असलेल्या तिच्या खात्यातून, परस्पर अनेक खात्यांत वळवले गेल्याचे उघडकीस आले. हे पैसे ज्यांच्या ठेवींतले, त्या गावांतल्या दुकानांत क्विक हीलची खोकी वर्षानुवर्षे विकली गेली होती. खोक्यातून शुद्धी मिळत होती. बातमी ही वेगळी वस्तू आहे. तिची किंमत वेगळी, आणि ती विकत घेतली तरी वाचणारा माणूस बँकेत बसलेला असावा लागतो.