टिंबांतून अक्षराकडे
घरगुती संगणकावरील मजकूर प्रथम कागदावर उतरविला तो बहुधा डॉट मॅट्रिक्स मुद्रकाने. 1980 साली जपानच्या एप्सन कंपनीचा एमएक्स-80 आला व विशेष लोकप्रिय झाला. त्याच्या 9 सुया शाईच्या फितीवर आघात करीत आणि सेकंदाला 80 अक्षरे टिंबाटिंबांनी उमटवीत. रोमन लिपीस एवढी उंची पुरे. वर मात्रा-वेलांटी व खाली उकार वागविणाऱ्या देवनागरीस मात्र ती तोकडी पडे. कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले आणि 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्र या अडचणीवरील उतारा ठरले. यंत्रासाठी लिपी न छाटता यंत्रासच लिपी शिकविली गेली. मराठी ग्रंथाचे नाव तालिकेत मराठीतच राहावे, असे वाटणाऱ्या आपण वाचकांनी हे ऋण स्मरावे.