शेर गेला, फूट राहिला

१९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून किलो-मीटर टप्प्याटप्प्याने बाजारात उतरले आणि १९६२ पासून त्यांची सक्ती झाली. शेर-मण एका पिढीत संपले. मग पोराची उंची आपण अजून साडेचार फूटच का सांगतो?

मला वाटतं, वजन रोज हातात येत होतं. वाण्याने तागडीतलं माप बदललं की गिऱ्हाईक आपोआप बदललं. लांबीचं तसं झालं नाही. घर माणूस आयुष्यात एकदाच बांधतो. शिंप्याच्या गळ्यातली टेप इंचाचीच राहिली. शाळेच्या पट्टीवरही एका कडेला १५ सेंटीमीटर, दुसऱ्या कडेला ६ इंच! नऊवारी तर अजून वारातच आहे. तिचे मीटर सव्वाआठ होतात हे किती जणींना माहीत असेल?

अंगुळ, वीत, हात ही जुनी मापं अंगावरचीच. विहिरीची खोलीसुद्धा परसात. हात ज्याचा त्याचा वेगळा, त्यामुळे भांडणं व्हायची हे खरंच. (म्हणूनच तर कायदा लागला.) पण मापाबरोबर अंदाज फुकट मिळायचा. मीटर १७९०च्या दशकात फ्रान्समध्ये ठरला, तो उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. माप चोख, पण आपल्या अंगावर ते कुठेच सापडत नाही. पोरांना ते शोधून द्यावं लागतं, आणि आपण देतो काय, तर रूपांतराची उदाहरणं. १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर हे तोंडपाठ असलेलं पोरगं दाराची उंची बिनधास्त २० मीटर लिहितं.

मी वर्गात एकच नियम ठेवलाय. आधी अंदाज वहीत लिहायचा, मगच टेप लावायची, आणि लिहिलेला अंदाज खोडायचा नाही. करंगळीचं नख साधारण १ सेंटीमीटर रुंद. आपली वीत किती सेंटीमीटरची, हे ज्याने त्याने मोजून ठेवायचं. जमिनीपासून १ मीटर आपल्या अंगावर कुठे येतो तेही बघायचं. दर वर्षी ती जागा खाली सरकते, याची पोरांना भारी गंमत वाटते. मग मैदानावर पावलं. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे आपली किती पावलं?

हे फक्त गणिताच्या मार्कांसाठी नाही. रस्त्याच्या कामाच्या फलकावर लांबी-रुंदी मीटरमध्ये असते. ग्रामसडक योजनेत डांबरी पट्टा साधारण ३.७५ मीटर, कमी वर्दळीच्या जागी ३ मीटर. पाऊण मीटरचा हा फरक ठेकेदाराला बरोबर कळतो. ग्रामसभेत बसलेल्या आपल्याला मात्र ‘बारा फुटी आहे का हो?’ असं विचारावं लागतं. सातवीतल्या पोरीला फलक वाचून रस्ता आडवा चालायला सांगा. तिला आपलं पाऊल माहीत असेल, तर टेपशिवायही ती तुम्हाला सांगेल की रस्ता पावणेचारचा आहे की तीनचा.